भिंत देशाची, दार कुणाचं?

(महाराष्ट्राबाहेर शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)



आजच्या विषयात तीन मोठे शब्द आहेत: संरक्षण, मुक्त व्यापार आणि सार्वभौमत्व. हे शब्द ऐकले की आपल्यातल्या अनेकांना वाटतं, हा अर्थशास्त्रवाल्यांचा प्रांत आहे. आपण आरक्षण, शिष्यवृत्ती आणि अत्याचारांवर बोलावं. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे, तरी ही वाटणी मला मान्य नाही. ज्या माणसाने जातिव्यवस्थेवर सगळ्यात खोल घाव घातला, त्याचा लंडनचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर आहे. तेव्हा हा विषय आपल्या घरातलाच आहे.

2025 हे वर्ष आठवा. 24 जुलैला भारत आणि ब्रिटनमध्ये मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या. महिनाभरानंतर, 27 ऑगस्टपासून, अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावरचं जादा शुल्क 50 टक्क्यांवर नेलं. जुलैत आपल्याला सांगितलं गेलं की दारं उघडली, आता निर्यात वाढेल, रोजगार येतील. ऑगस्टमध्ये सांगितलं गेलं की स्वदेशी घ्या, देश झुकणार नाही. टीव्हीवर दोन बाजू भांडत होत्या. एक म्हणे, करार केला नाही तर देश मागे पडेल. दुसरी म्हणे, करार केला तर देश विकला जाईल. दोन्ही बाजूंच्या तोंडी एकच शब्द होता, 'देश'.

माझा आजचा प्रश्न या शब्दाविषयी आहे. देशाचा फायदा झाला असं म्हणतात तेव्हा पैसे कुणाच्या हातात पडतात? देशाला तोटा झाला म्हणतात तेव्हा कुणाची चूल विझते? शुल्काची भिंत उभी करा किंवा पाडा, भिंतीच्या आतली उतरंड जशीच्या तशी राहत असेल तर आपण कुठल्या बाजूने टाळ्या वाजवायच्या?

हा प्रश्न मी शोधलेला नाही. 1923 साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' प्रसिद्ध झालं. त्या काळात एक लोकप्रिय युक्तिवाद होता: रुपयाचा भाव पडला की निर्यातदाराला त्याच मालाचे जास्त रुपये मिळतात, म्हणून स्वस्त रुपया हे देशाला मिळालेलं बक्षीसच आहे. बाबासाहेबांनी या बक्षिसाचा हिशेब मांडला. रुपया पडला की वस्तूंच्या किमती चढतात, पण मजुरी त्या वेगाने चढत नाही. मधल्या काळात मालकाचा खर्च तुलनेने कमी होतो आणि नफा वाढतो. म्हणजे हे बक्षीस परदेशातून येत नाही. ते इथल्याच मजुरांच्या खिशातून निघतं आणि इथल्याच व्यापाऱ्याच्या गल्ल्यात पडतं. राष्ट्राचा लाभ म्हणून जे दाखवलं जातं, ते एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे गेलेलं धन असू शकतं. शंभर वर्षांनंतरही व्यापारधोरण वाचायची यापेक्षा चांगली रीत मला सापडलेली नाही.

ही रीत घेऊन आधी मुंबईच्या गिरण्यांकडे जाऊ. भारतातल्या संरक्षणवादाचं ते सगळ्यात गाजलेलं उदाहरण. 1896 मध्ये इंग्रज सरकारने आयात कापडावर साडेतीन टक्के शुल्क ठेवलं आणि देशी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी कर लावला. लँकेशायरच्या मालकांना मुंबईची स्पर्धा नको होती, म्हणून ही 'समानता'. हा उघड अन्याय होता. राष्ट्रीय पुढाऱ्यांनी तीस वर्षं त्याविरुद्ध आवाज उठवला आणि ते बरोबरच होतं. डिसेंबर 1925 मध्ये या कराची वसुली थांबली, पुढच्या वर्षी तो रद्द झाला. 1930 मध्ये सूती कापड उद्योगाला संरक्षण देणारा कायदा आला. ब्रिटिश कापडावर 15 टक्के आणि इतर परदेशी कापडावर 20 टक्के शुल्क बसलं. भिंत उभी राहिली.

आता त्याच गिरण्यांच्या आत चला. गिरणीत विणाई खात्यात मजुरी चांगली मिळायची. पण त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण सांगितलं जायचं ते असं: धोट्यातली कांडी बदलताना सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागतं. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार हातात कसा धरणार? म्हणून आपल्या आजा-पणज्यांना कमी मजुरीच्या खात्यांत ठेवलं गेलं. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि सगळी खाती खुली करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यायला लावली. पुढाऱ्यांनी ती घेतली, पण नाखुशीने.

हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहा. लँकेशायरविरुद्ध गिरणीमालक आणि राष्ट्रीय पुढारी एकत्र. शुल्काची भिंत मागताना 'आपला उद्योग'. विणाई खात्याच्या दारापाशी मात्र तो 'आपला' शब्द थांबतो. त्या भिंतीने मालकाचा नफा राखला, आणि तिच्या आत राहिलेल्या खात्यात काम करणाऱ्यांचा रोजगारही राखला. त्या खात्यात ज्यांना पाऊलच टाकता येत नव्हतं, त्यांच्या वाट्याला संरक्षणातला सगळ्यात लहान तुकडा आला.

कुणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. म्हणून दुसरं उदाहरण आजचं घेते, चामड्याचं. या धंद्यात संरक्षण आणि खुला व्यापार दोन्ही आळीपाळीने करून झाले आहेत. आणि सरकारच्याच आकड्यांनुसार सुमारे 44 लाख लोकांचं पोट त्यावर आहे. आग्र्याचे जाटव, कानपूरचे दलित आणि मुस्लिम कामगार, तमिळनाडूतल्या आंबूर-राणीपेट पट्ट्यातले दलित स्त्री-पुरुष, आपल्याकडचे चर्मकार आणि ढोर, हे सगळे या साखळीत आहेत.

स्वातंत्र्यानंतरही बराच काळ भारत कच्ची आणि अर्धवट कमावलेली कातडी बाहेर पाठवत होता. खरी कमाई पक्कं चामडं आणि बूट बनवण्यात होती, ती युरोपात व्हायची. 1972 मध्ये सीतारामय्या समितीने सांगितलं की कच्चा माल पाठवणं बंद करा आणि इथेच माल पक्का करा. 1973 पासून कच्च्या कातड्यांच्या निर्यातीवर बंदी आली, अर्धवट कमावलेल्या चामड्यावर मर्यादा आल्या. निर्यातीचं चित्र खरंच बदललं. पुढच्या काळात भारत पक्कं चामडं, बुटांचे वरचे भाग आणि तयार बूट विकू लागला. संरक्षण फसतंच असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावं.

पण पक्कं चामडं करायला यंत्रं लागतात, रसायनं लागतात, भांडवल लागतं. ज्याच्याकडे पिढ्यानपिढ्या कसब होतं त्याच्याकडे भांडवल नव्हतं. बँकेला तारण हवं, तारणाला जमीन हवी, आणि जमीन कुणाकडे आहे हे इथे बसलेल्या कुणालाच सांगायची गरज नाही. माल इथे पक्का होऊ लागला, त्याबरोबर धंद्यातली मोठी कमाई भांडवलवाल्याकडे सरकली आणि कसबवाला त्याच्याकडे मजूर म्हणून गेला.

मग उघडण्याचा काळ आला. 1 एप्रिल 2001 ला शेवटच्या 715 वस्तूंवरचे आयातीचे संख्यात्मक निर्बंध उठले. त्याच वर्षी जूनमध्ये चामड्याच्या वस्तू, बूट आणि खेळणी मिळून 14 वस्तू लघुउद्योगांच्या राखीव यादीतून काढल्या गेल्या. एका वर्षात दोन दारं उघडली, एक देशाच्या सीमेवरचं आणि एक देशाच्या आतलं. पहिल्यावर रणकंदन झालं. दुसऱ्याची आठवण किती जणांना आहे? लहान जोडे-कारागिरासाठी दुसरं दार जास्त महत्त्वाचं होतं. परदेशी बूट येण्याआधीच देशी मोठा कारखाना त्याच्या अंगणात उभा राहू शकत होता.

आग्र्यात हिंग की मंडी नावाचा जोड्यांचा बाजार आहे. तिथे पर्चीची पद्धत आहे. कारागीर घरात, गल्लीतल्या लहानशा कारखान्यात जोडे बनवून व्यापाऱ्याला देतो. व्यापारी रोख देत नाही, चिठ्ठी देतो: अमुक महिन्यांनी पैसे. कारागिराला उद्याच चामडं, सोल आणि लई आणायची असते, घरात पीठ आणायचं असतं. मग तो पर्ची आढत्याकडे नेतो आणि कट देऊन कमी पैशांत मोडतो. म्हणजे व्यापाऱ्याचा धंदा कारागिराच्या उधारीवर चालतो, आणि व्याज भरतो तो कारागीरच. देशात 2006 पासून कायदा आहे की सूक्ष्म आणि लहान उद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत चुकते करायचे, नाहीतर चक्रवाढ व्याज द्यायचं. पण ज्याच्याकडे ना बिल ना नोंदणी, आणि ज्याला उद्या पुन्हा त्याच व्यापाऱ्याच्या दारात उभं राहायचं आहे, तो या कायद्याचा आधार कसा घेणार?

या बाजाराने सगळे काळ पाहिले. सोव्हिएत संघाला सरकारी करारातून जोडे जायचे, ते 1991 नंतर आटलं. मग पश्चिमेची बाजारपेठ आली. बंद दाराचा काळ गेला, उघड्या दाराचा आला, पर्ची टिकून राहिली. आता ब्रिटनशी झालेल्या करारात चामडं आणि बुटांवरचं 16 टक्क्यांपर्यंतचं शुल्क शून्यावर आणण्याची तरतूद आहे. आग्रा, कानपूर, आंबूरचे निर्यातदार खूश आहेत, आणि त्यांनी खूश असावं. माझा प्रश्न इतकाच: वाचलेल्या 16 टक्क्यांतला किती भाग हिंग की मंडीतल्या चिठ्ठीपर्यंत उतरेल? करारात याचं उत्तर नाही, कारण करारासाठी ती चिठ्ठी अस्तित्वातच नाही.

याच धंद्यातली दुसरी विसंगती तर अंगावर येते. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'वेट ब्लू', म्हणजे क्रोमने अर्धवट कमावलेल्या चामड्यावरचं आयात शुल्क पूर्ण माफ झालं. कारण असं दिलं गेलं की यामुळे देशात मूल्यवर्धन होईल आणि रोजगार वाढेल. आयात का हवी? उद्योगाला कातडं पुरत नाही म्हणून. आता त्याआधीची दहा वर्षं आठवा. 2015 मध्ये महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदीचा कायदा बैल आणि वळूंपर्यंत पोचला. जुलै 2016 मध्ये उनाजवळच्या मोटा समढियाळात मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारलं गेलं. 2017 मध्ये उत्तर प्रदेशात कत्तलखाने बंद होत गेले. रस्त्यावर कातड्याची गाडी अडवणं हा एक उद्योगच झाला. एकीकडे देशातलं कातडं वाहून नेणं जिवावरचं काम झालं, दुसरीकडे परदेशातलं कातडं बंदरातून शुल्काविना आत येतं. जो कंटेनर मागवू शकतो त्याचा कारखाना चालतो. जो गावोगावचं कातडं गोळा करून आणत होता त्याचं काय? या दोन्ही निर्णयांमागे सार्वभौम सत्ताच आहे. मग सार्वभौमत्व धोक्यात आलं ते नक्की कुणापासून?

इथे एक आक्षेप येईल आणि तो आपल्यातूनच यायला हवा. बाबासाहेबांनी 1927 मध्ये महाडला सांगितलं की मेलेली जनावरं ओढणं सोडा. मग मी जातीचा धंदा टिकवायला सांगते आहे का? नाही. जो सोडतो त्याने सोडावा, त्याच्या मुलीने संगणक शिकावा, न्यायाधीश व्हावं. उनानंतर गुजरातमधल्या आंदोलनाने हेच म्हटलं: ते काम आम्ही सोडतो, आम्हाला जमीन द्या. घाणीचं काम जातीच्या माथी मारणं एक आणि त्यातून उभा राहिलेला व्यापार जातीच्या हातातून काढून घेणं दुसरं. आपल्याकडे दोन्ही एकाच वेळी झालं. घाण आमची राहिली, धंदा दुसऱ्याचा झाला. धंदा हातात राहिला तर काय घडू शकतं ते जालंधरच्या बूटा मंडीत दिसतं. तिथल्या आदधर्मी समाजातल्या काही कुटुंबांनी चामड्याच्या व्यापारातून पैसा उभा केला आणि त्यातून आदधर्म चळवळीला बळ मिळालं.

आता मुक्त व्यापाराच्या बाजूचा आपल्याच माणसांचा युक्तिवाद घेऊ. लायसन्स-परमिटच्या राज्यात परवाना ओळखीवर मिळायचा आणि ओळख जातीत असायची. बाजार खुला झाला तर माल पाहिला जाईल, आडनाव नाही. 2005 मध्ये पुण्यात दलित उद्योजकांचं चेंबर, डिक्की, उभं राहिलं त्यामागे हीच उमेद होती. तो युक्तिवाद मी हसण्यावारी नेणार नाही. बंद अर्थव्यवस्था ही काही आपली सोनेरी सकाळ नव्हती. पण उघडल्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी, 2005 च्या आर्थिक गणनेत, देशातल्या उद्योगांपैकी अनुसूचित जातींच्या मालकीचे 10 टक्क्यांहूनही कमी होते. लोकसंख्येत आपला वाटा तेव्हा 16 टक्क्यांच्या वर होता. बाजार माल पाहतो हे खरं धरलं, तरी माल बाजारापर्यंत न्यायला लागणारं कर्ज, गाळा आणि उधारी आडनावावरच मिळते.

स्वदेशीच्या बाजूलाही तोच हिशेब लावू. 7 ऑगस्ट 2025 ला पंतप्रधान म्हणाले की शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड होणार नाही. 12 दिवसांनी, 19 ऑगस्टपासून, कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं गेलं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत आणि मग 31 डिसेंबरपर्यंत. अमेरिकी शुल्काने कापडाचे निर्यातदार अडचणीत होते, त्यांना स्वस्त कापूस हवा होता. नेमका तो विदर्भात, तेलंगणात, गुजरातेत नवा कापूस बाजारात येण्याचा हंगाम. शुल्क ठेवलं तर तिरुपूरच्या शिलाई कामगाराच्या कामावर गदा, काढलं तर यवतमाळच्या शेतकऱ्याच्या भावावर. आणि त्या शेतात कापूस वेचणाऱ्या, किलोवर मजुरी घेणाऱ्या भूमिहीन बाईचं नाव तर कुठल्याच बाजूच्या यादीत नव्हतं. तिरुपूर आणि यवतमाळ एकमेकांविरुद्ध उभे केले जातात आणि वर झेंडा देशाचा असतो.

मग सार्वभौमत्व ही फसवी गोष्ट आहे का? अजिबात नाही. वसाहतीच्या काळात लँकेशायर आपला कर ठरवत होतं, तो अपमान खरा होता. आज वॉशिंग्टनमधल्या एका सहीने आंबूरमधल्या बाईचं काम जाऊ शकतं, ही परवशताही खरी आहे. म्हणूनच सार्वभौमत्व कुणाचं, हे नीट विचारावं लागतं. आपल्या संविधानाची सुरुवात 'आम्ही, भारताचे लोक' अशी आहे. वाणिज्य मंत्रालयापासून किंवा उद्योगपतींच्या महासंघापासून ती होत नाही.

व्यवहारात काय होतं पाहा. ब्रिटनशी झालेला करार तिथल्या 2010 च्या कायद्यानुसार संसदेपुढे 21 कामकाजाच्या दिवसांसाठी ठेवावा लागतो. युरोपीय संघाच्या व्यापार करारांना युरोपीय संसदेची संमती लागते. आपल्याकडे करार करणं हा केंद्र सरकारच्या कार्यकारी अधिकाराचा भाग मानला जातो. मंत्रिमंडळाची मंजुरी पुरते. अनुच्छेद 253 संसदेला करारासाठी कायदा करण्याचा अधिकार देतो, पण कायदा बदलावा लागला तरच विषय संसदेत येतो. शेती राज्यांच्या यादीत आहे, तरी शेतीवर परिणाम करणाऱ्या करारात राज्यांची संमती लागत नाही. वाटाघाटी गुप्त राहतात आणि आत जातात त्या उद्योगांच्या संघटना. सफाई कामगार, कापूस वेचणारी बाई, पर्ची मोडणारा कारागीर यांना मसुदा सही झाल्यावर दिसतो. मग सार्वभौम कोण राहिलं?

म्हणून करार हवा की भिंत हवी, या प्रश्नावर मी आज हात वर करायला सांगणार नाही. प्रत्येक कराराला आणि प्रत्येक शुल्काला विचारायच्या चार गोष्टी सांगते.

एक, सही होण्याआधी करार संसदेपुढे आणि संबंधित राज्यांपुढे यावा, आणि त्यासोबत कुठल्या कामावर कोण आहे, कुणाचं काम जाईल, याचा जातवार आणि स्त्री-पुरुष असा वेगवेगळा अहवाल यावा.

दोन, आकडे बाहेर काढा. उद्यम नोंदणीत उद्योजकाचा सामाजिक प्रवर्ग विचारला जातो. निर्यातीच्या सवलती कुणाला मिळाल्या याची नोंदही सरकारकडे असते. दोन्ही नोंदी जोडून प्रसिद्ध करा. जनगणनेत जात मोजायचं सरकारने 2025 मध्ये मान्य केलं आहे. तोच न्याय व्यापाराला लावा.

तीन, केंद्र सरकारच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी 4 टक्के वाटा 2012 पासून ठरला आहे. प्रत्यक्ष खरेदी त्यापासून दूर राहिली आहे. परदेशी पुरवठादारांना सरकारी खरेदीचं दार उघडण्याआधी हे 4 टक्के पूर्ण करून दाखवा.

चार, सवलतीला अट लावा. ज्या निर्यातदाराला शुल्कमाफी हवी, त्याने साखळीतल्या शेवटच्या कारागिराला 45 दिवसांत पैसे दिल्याचा पुरावा द्यावा. परदेशी ग्राहक बुटातल्या रसायनाचा पुरावा मागतो तेव्हा तो बरोबर दिला जातो. मजुरीचाही देता येईल.

आपल्यातले काही उद्या पत्रकार होतील, काही प्रशासनात जातील, काही माझ्यासारखे प्रबंध लिहीत बसतील. पुढच्या वेळी टीव्हीवर कुठल्यातरी कराराचं स्वागत किंवा निषेध सुरू असेल, तेव्हा त्या उद्योगातल्या कामगारांची खातेवार, जातवार यादी मागा. माहितीच्या अधिकारात अर्ज करा, खासदाराला प्रश्न लिहून द्या. 1928 मध्ये संपाच्या मागण्यांच्या कागदावर एक ओळ वाढवण्यासाठी बाबासाहेबांना भांडावं लागलं होतं. आजच्या करारांच्या हजारो पानांत ती ओळ अजून यायची आहे. ती लिहून घेणं हे आपलं काम आहे.

जय भीम.